बांबूचा परवाना, गावाची तिजोरी

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे जेमतेम शंभर कुटुंबांचे गाव. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण या गावात आले होते. ना कुठल्या प्रकल्पाचे भूमिपूजन होते, ना कुठल्या योजनेचा शुभारंभ. वाहतूक परवान्यांचे एक पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करायचे, एवढाच कार्यक्रम होता. ज्या पुस्तकातील एक पान फाडून ट्रकचालकाच्या हाती दिल्याशिवाय जंगलातील बांबूची एक काठीही कायदेशीररीत्या बाजारात जाऊ शकत नाही, ते हे पुस्तक. तोवर ते केवळ वनखात्याच्या कपाटात असे.

एका साध्या पुस्तकासाठी मंत्र्यांना गावापर्यंत का यावे लागले, हे समजून घेतले तर निसर्गसंवर्धन आणि ग्रामीण उपजीविका यांच्यातील नात्याचे मर्म हाती लागते. गेली काही दशके 'जंगल वाचवायचे असेल तर तेथील माणसाला त्यातून उत्पन्न मिळाले पाहिजे' असे जगभर सांगितले जाते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. उत्पन्न तर ठेकेदारालाही मिळत होते आणि त्याच्याकडच्या मजुरालाही. विक्रीचा निर्णय, मालाचा दर आणि उरलेली शिल्लक या तिन्ही गोष्टी कोणाच्या हाती आहेत, यावर जंगलाचे भवितव्य ठरते. विदर्भातील ग्रामसभांचा गेल्या दीड दशकाचा अनुभव हेच सांगतो.

वापरायचा हक्क, विकायचा नाही

गडचिरोली जिल्ह्याचे दोन तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. येथील गावांना निस्तार हक्काने घरापुरता, कुंपणापुरता बांबू आणता येत असे. मात्र तोच बांबू विकला की तो गुन्हा ठरे. दुसरीकडे, याच जंगलातील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद कारखान्याला दिला जाई. गावकऱ्याच्या वाट्याला त्यातली तोडणीची मजुरी तेवढी येई.

या व्यवस्थेविरुद्ध मेंढ्याने आवाज उठवला त्याची मुळे १९८० च्या दशकात आहेत. इचमपल्ली आणि भोपालपट्टणम् या प्रस्तावित धरणांविरुद्ध त्या काळी 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. त्या मंथनातून देवाजी तोफा यांच्यासारखे कार्यकर्ते गावात घडले. चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची त्यांना साथ लाभली. गावाने अभ्यासगट सुरू केले, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचे ठरवले आणि 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली. घोषणा आकर्षक होती. पण त्यामागे जंगलाच्या वापराचे नियम, गस्त आणि गावनिधी असे रोजचे, कष्टाचे काम होते. मधाचेच उदाहरण घ्या. पूर्वी आग्या मोहोळ जाळून मध काढला जाई, त्यात सारी वसाहत नष्ट होई. मेंढ्यात पोळ्याचा केवळ मध असलेला भाग कापून घेण्याची पद्धत रुजली. अंडी-अळ्यांचा भाग शाबूत राहिल्याने माश्या जगतात आणि पोळेही टिकते.

२००६ चा वनहक्क कायदा आला, १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले आणि या कामाला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. या कायद्याची वैयक्तिक शेतजमिनीची बाजू शहरी वाचकाला ठाऊक असते. परंतु त्याची सामूहिक बाजू अधिक दूरगामी आहे. गावाला परंपरेने वापरात असलेल्या जंगलाचे संरक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार आणि तेथील गौण वनोपजांवर मालकी, असे त्याचे स्वरूप आहे. कायद्याने गौण वनोपजांच्या व्याख्येत बांबू आणि तेंदूपत्ता यांचा स्पष्ट समावेश केला. येथे ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. गावातील किंवा पाड्यातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांची सभा म्हणजे ग्रामसभा.

मेंढा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला. हक्काचा कागद हाती आला, पण बांबू विकायला निघाल्यावर वाहतूक परवाना मिळेना. याचे कारण एका जुन्या व्याख्येत दडले होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. मात्र १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत बांबूचाही समावेश होता. बांबू वृक्ष, म्हणून तो इमारती लाकडासारखा शासनाचा, असा युक्तिवाद चालू राहिला. मार्च २०११ मध्ये जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून बांबू हे गौण वनोपज मानावे, असे कळवले आणि पुढच्याच महिन्यात ते पुस्तक मेंढ्याला पोहोचले. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. वन अधिनियमातील 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो त्याहून उशिरा, २०१७ मध्ये.

मजूर आणि मालक यांच्या कोयत्यातील फरक

विक्रीचा हक्क मिळाल्याने जंगल वाचते कसे, असा प्रश्न साहजिक आहे. विकायला मोकळीक दिली तर गाव जंगल बोडके करील, ही भीती वर्षानुवर्षे व्यक्त होत आली आहे. तिचे उत्तर बांबूच्या वाढीतच आहे.

बांबूचा कोंब एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर त्याची उंची वाढत नाही, तो केवळ पक्का होत जातो. पक्व होण्यास त्याला साधारण तीन वर्षे लागतात. एका बेटातील, विदर्भाच्या बोलीत रांजीतील, सारे बांबू जमिनीखालच्या कंदाने जोडलेले असतात आणि जुने बांबू नव्या कोंबांना पोसतात. नवे कोंब बेटाच्या कडेला येतात, पक्के बांबू मध्यभागी असतात. चांगली तोडणी म्हणजे मधले जुने बांबू मोजून काढणे, कडेचे कोवळे राखणे, पावसाळ्यात कोयता न लावणे आणि कंदाला धक्का न पोहोचवणे.

ठेकेदाराच्या मजुराला नगावर मजुरी मिळते. मधल्या दाटीत शिरून पक्का बांबू ओढून काढणे वेळखाऊ, कडेचा कोवळा तोडणे सोपे. तोडून झाल्यावर ठेकेदार दुसरीकडे जाणार असतो, त्यामुळे पुढच्या वर्षी त्या बेटाचे काय होईल, याच्याशी कोणालाच कर्तव्य नसते. गावाच्या मालकीच्या जंगलात मात्र या वर्षी तोडलेला कोवळा बांबू म्हणजे पुढील हंगामातील स्वतःचेच बुडालेले उत्पन्न. जंगल तेच, माणूसही बहुधा तोच. बदलतो तो हिशोब. पहिल्या हंगामांतच मेंढ्याच्या ग्रामसभेच्या खात्यात बांबूविक्रीचे सुमारे एक कोटी रुपये आले, तेव्हा एवढी वर्षे या जंगलाचे मोल कोणाच्या वहीत जमा होत होते, हेही उघड झाले.

बाजाराला नकार देणारे गाव

तरीही बाजार आला की संवर्धन आपोआप होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावकडे पाहावे लागेल. या गावाला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या तोडणी-विक्रीचे काम गावाने स्वतःकडे घेतले, तोडणीचे नियम लिहून काढले आणि देवस्थानाभोवतीचा वनभाग तोडणीपासून मुक्त ठेवला. पण पाचगावचा सर्वांत धाडसी निर्णय तेंदूपत्त्याविषयीचा आहे. ग्रामसभेने आपल्या जंगलात तेंदूपत्ता न तोडण्याचे ठरवले.

तेंदूपत्ता म्हणजे विडीचे पान. विदर्भातील आदिवासी गावांचे उन्हाळ्यातील हमखास रोख उत्पन्न. त्यावर पाणी सोडण्यामागे गावाचा विचार असा होता, की कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून अनेक ठिकाणी झुडपे छाटली जातात आणि जंगलात आगही लावली जाते. त्या आगीत बांबूचे कोंब, पालापाचोळा आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांचा बळी जातो. शिवाय तेंदूची फळे माणसांप्रमाणेच पाखरे आणि वन्यप्राणीही खातात. बांबूचे उत्पन्न हाती असल्यामुळेच गावाला हा नकार परवडला, हे विसरून चालणार नाही. उपाशी गाव नकार देऊ शकत नाही. अर्थात, उत्पन्न जसे संवर्धनाला आधार देते, तसेच 'हे विकायचे नाही' असे म्हणण्याचे बळही देते.

तेंदूचा धडा

सर्वच गावांना पाचगावचा मार्ग शक्य नाही. बहुसंख्य ग्रामसभांसाठी तेंदू हाच मुख्य व्यवहार राहिला आहे. मे महिन्यातील जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा हा हंगाम. पहाटे अंधारात घरची सारी माणसे जंगलात जातात, दुपारी ७० पानांचा एकेक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी होते.

जुन्या पद्धतीत वनखाते जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव करी. संकलकाला मजुरी मिळे आणि पुढे यथावकाश बोनस. २०१३ च्या हंगामात विदर्भातील सुमारे शंभर ग्रामसभांनी वनहक्क कायद्याच्या आधारे स्वतःच लिलाव केले. तेव्हापासून ही पद्धत फोफावली. गडचिरोली जिल्ह्यात आज सामूहिक वनहक्क मान्य झालेल्या ग्रामसभांची संख्या हजाराच्या वर आहे आणि त्यातील अनेक जणी तेंदूचे व्यवहार स्वतः करतात. मजुरीबरोबर स्वामित्वधनही थेट ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागले.

परंतु बाजार हा दुतोंडी असतो, याचाही अनुभव लवकरच आला. २०१७ मध्ये तेंदूचे दर पूर्वी कधी नव्हते इतके चढले. गावागावांत मोटरसायकली आल्या, घरांवर पत्रे आले. पुढच्याच हंगामात दर एवढे उतरले, की कित्येक ग्रामसभांच्या लिलावाला पुरेसा प्रतिसादही मिळाला नाही. जुलै २०१७ पासून तेंदूपत्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला होता. २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणण्यात आला. विडीची मागणी, करांचे दर, व्यापाऱ्यांची आपसातील सांगड यांतील काहीही ग्रामसभेच्या हाती नसते. ज्या गावाची सारी मदार एकाच वनोपजावर आणि एकाच व्यापाऱ्यावर असते, ते गाव मालक असूनही मजुराइतकेच अगतिक असते.

यावरचा एक उपाय कोरची तालुक्यात दिसतो. तेथील सुमारे ९० ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली. प्रत्येक ग्रामसभेचे दोन स्त्रिया व दोन पुरुष असे प्रतिनिधी तिच्यात असतात. एकट्या गावाचा माल व्यापाऱ्याच्या दृष्टीने किरकोळ. पण तालुक्याचा माल एकत्र आला की दराची बोलणी बरोबरीने करता येतात. शिवाय करारपत्र कसे लिहावे, आगाऊ रक्कम किती घ्यावी, पैसे अडकले तर काय करावे, हे एका गावाचे शहाणपण सर्वांच्या उपयोगी पडते.

भांडवल कोठून आणायचे?

येथे या साऱ्या व्यवहारातील सर्वांत नाजूक सांधा समोर येतो. तो आहे भांडवलाचा. बांबू तोडला की मजुरी आठवड्याच्या आठवड्याला द्यावी लागते. माल विकून पैसे येईपर्यंत मात्र काही महिने जातात. या मधल्या काळासाठी पैसा कोण पुरवणार? बँका तारणाशिवाय कर्ज देत नाहीत आणि जंगल तारण ठेवता येत नाही. ठेवता येऊही नये. मग उरतो व्यापारी. तो आगाऊ रक्कम देतो आणि त्या बदल्यात दर स्वतः ठरवतो. कायद्याने मिळालेली मालकी अशा रीतीने उसनवारीच्या वाटेने निसटून जाते.

म्हणूनच गावनिधी, ज्याला ग्रामकोष असेही म्हणतात, हा या व्यवस्थेचा कणा आहे. विक्रीच्या रकमेतून मजुरी दिल्यावर जे उरते, ते सारे वाटून टाकायचे की काही भाग राखून ठेवायचा, हा निर्णय ग्रामसभेला दरवर्षी घ्यावा लागतो. राखलेल्या रकमेतून पुढील हंगामाची मजुरी भागते, आगीपासून संरक्षणासाठी जाळरेषा काढता येतात, राखणदारांना मेहनताना देता येतो आणि आजारपण वा शिक्षणासाठी कुटुंबांना हातउसने पैसेही मिळतात. सावकाराचे दार ठोठवावे लागले नाही, की अवेळी, पडत्या दराने माल विकण्याची पाळीही येत नाही.

या बाबतीत नेपाळचा अनुभव उपयुक्त आहे. तेथे १९९३ च्या वन कायद्याने सामुदायिक वनांना मान्यता दिली आणि आज २२ हजारांहून अधिक वनसमूह आपापली जंगले सांभाळतात. तेथील नियमांनी वनसमूहाच्या उत्पन्नाचा किमान २५ टक्के भाग वनविकासावरच खर्च करण्याचे बंधन घातले. म्हणजे जंगलाने दिलेल्या पैशातील जंगलाचा वाटा आधीच बाजूला काढला जातो. आपल्याकडे हे प्रमाण कायद्याने ठरलेले नाही. ते ग्रामसभेच्या शहाणपणावर सोपवलेले आहे. स्वायत्ततेच्या दृष्टीने ते योग्यच. पण म्हणूनच हिशोब चारचौघांत वाचून दाखवणे, बँक खात्यावर एकाहून अधिक सह्या असणे आणि लेखापरीक्षण वेळेवर होणे, यांना येथे निव्वळ कारकुनी म्हणता येत नाही. एका गावात पैशाचा घोळ झाला की 'यांना जमत नाही' असे म्हणायला सारे टपलेले असतात. जंगल राखण्याची परंपरा पिढ्यांची असली तरी पावतीपुस्तक आणि पॅन क्रमांक सांभाळण्याची सवय नवी आहे. त्यासाठी प्रशिक्षणाची गरज आहे आणि त्यावर शासनाने केलेला खर्च वृक्षारोपणाच्या मोहिमांहून कमी मोलाचा ठरणार नाही.

सीताफळ आणि शहराचा वाटा

या साखळीचे दुसरे टोक शहरात आहे. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर या गावाला २०१२ मध्ये १९२ हेक्टर उजाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. 'खोज' संस्थेच्या साहाय्याने गावाने चराई आवरली, मृद व जलसंधारणाची कामे केली, झाडे लावली. या जंगलातील सीताफळे पूर्वी व्यापारी मातीमोल दराने नेत. गावाने ती स्वतः वेचून, प्रतवारी करून, खोक्यांत भरून 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने बाजारात आणली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा भारतातील जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. पुरस्काराहून महत्त्वाचे असे, की फळ तेच राहिले; पण निवड, प्रतवारी आणि विक्री गावाने केल्यामुळे त्याच्या किमतीतील मोठा वाटा गावातच राहिला.

शहरातील ग्राहक बांबूचे फर्निचर, रानमध किंवा सीताफळ घेताना दर्जा पाहतो, दर पाहतो. 'हे कोणत्या जंगलातले आणि विकणारा कोण' हा प्रश्न तो क्वचितच विचारतो. तो विचारला जाऊ लागला, तर दलालांच्या साखळीतील काही कड्या आपोआप गळतील. तथापि सहानुभूतीपोटी केलेल्या खरेदीवर कोणतीही व्यवस्था टिकत नाही. माल वेळेवर, सारख्या प्रतीचा आणि वाजवी दरात मिळाला पाहिजे. प्रतवारी, साठवण आणि वाहतूक यांच्या सोयी तालुक्याच्या पातळीवर उभ्या राहिल्या, तरच ते शक्य आहे.

पणाला काय लागले आहे

याच गडचिरोलीच्या दक्षिणेकडे, एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या पहाडावर २०२१ पासून लोहखनिजाचे उत्खनन पुन्हा मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आहे. कोरची तालुक्यातील झेंडेपारच्या प्रस्तावित खाणीला तेथील ग्रामसभांनी विरोध केला आहे. खाणीच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा रोजगाराचा असतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बारमाही काम नसलेल्या तरुणाला पगाराचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी 'जंगल आम्हाला दरवर्षी इतके देते आणि आमच्या नातवंडांनाही देत राहील' हे ग्रामसभेला आपल्या वहीतील आकड्यांनिशी सांगता आले, तर तिच्या विरोधाला वजन येते. आकडे नसतील, तर तो केवळ भावनेचा प्रश्न ठरवला जातो.

मेंढ्याला मिळालेल्या त्या परवाना-पुस्तकाचे मोल यासाठी आहे. त्यातील प्रत्येक पानावर किती बांबू कोणाला, कोणत्या दिवशी विकले, याची नोंद होते. बाहेर गेलेल्या मालाचा तो हिशोब असतोच, शिवाय जंगलात किती राखले, याचाही अंदाज त्यावरून गावाला येतो. एकेकाळी ज्या माणसाच्या खांद्यावरचा बांबू पकडला जाई, तोच आज परवान्यावर सही करतो. ही सही करणारा हात यंदा किती पाने फाडायची आणि किती कोरी ठेवायची, हे दरवर्षी ठरवत राहील, तोवर त्या १,८०० हेक्टरांची काळजी वाहायला कोणी तरी आहे, असे म्हणता येईल.